वाल्मीक फालेनं लिहिलेली पानं

कोळवणच्या फाल्यांच्या वाल्मीकला राग यायला कारण लागत नसे, निमित्त पुरायचं. आणि आलेला राग जायचा नाही, ही त्यातली खरी गोम. खोऱ्यात शहरवाल्यांनी फार्महाउसं घ्यायला सुरुवात केली तेव्हा एका साहेबानं कुंपण घालून ओढ्याकडची वाट अडवली. वाल्मीक तेव्हा कॉलेजात होता. तो रोज सकाळी घरच्या म्हशी नेऊन त्या साहेबाच्या गेटात उभ्या करायचा. साहेब कंटाळला, कुंपण मागं सरकवलं, वाट मोकळी करून दिली. वाल्मीक त्यानंतरही महिनाभर म्हशी तिथंच नेत राहिला. बापानं विचारलं, "आता कशापायी?" तर म्हणाला, "त्याला कळू दे की जरा."

असा माणूस इंजिनिअर झाला आणि २००४ साली हिंजवडीत एका कंपनीत लागला. कोळवणहून पौड, घोटवडे, माण असं मोटरसायकल हाणत जायचं, आणि माणच्या पुढं कंपन्यांच्या कॅबनी उडवलेला चिखल पॅंटवर घेऊन लिफ्टमध्ये उभं राहायचं. लिफ्टमधली मंडळी त्याच्या पॅंटकडं बघत आणि मग घाईघाईनं आपापल्या मोबाइलकडं बघत. त्यातल्या प्रत्येकाचा चेहरा वाल्मीकनं लक्षात ठेवला होता.

त्या कंपनीनं 'मेरू' नावाची एक प्रोग्रामिंगची भाषा बनवली होती, कारखान्यातल्या यंत्रांना हुकूम द्यायची. पाच प्रोग्रामांना एकच काम लागत असेल तर ते पाच ठिकाणी लिहायचं नाही. एकदाच लिहून त्याची लायब्ररी करायची आणि पाचही प्रोग्रामांनी तिच्याकडून काम करून घ्यायचं. सगळ्यांत मिळून एक, म्हणून ती शेअर्ड लायब्ररी. तिच्यात कामाचे छोटे छोटे तुकडे असतात, त्यांना फंक्शन म्हणतात. काही फंक्शन्स बाहेरच्यांनी वापरायला उघडी ठेवलेली असतात, ती एक्सपोर्ट केलेली. बाकीची घरातली. घरातल्यांना बाहेरच्यानं हात लावायचा नाही, कारण मालक ती उद्या मोडून टाकेल.

आता उघडी कुठली आणि घरातली कुठली हे गिऱ्हाइकाला कळायचं कसं? त्यासाठी मेरूडॉक नावाचं टूल होतं. प्रोग्रामर आपल्या फंक्शनच्या डोक्यावर चार ओळींची टीप लिहितो, टूल त्या टिपा गोळा करून वेबची पानं बनवतं, आणि ती पानं गिऱ्हाइकाला जातात. पण हे टूल आंधळं होतं. टीप दिसली की पान बनवायचं, मग फंक्शन उघडं असो की घरातलं. गिऱ्हाईक पान वाचून फंक्शन बोलवायचं आणि लायब्ररी सांगायची, असं कुणी इथं राहत नाही. मग फोन, मेल, शिव्या.

हे निस्तरायचं काम नव्या पोराच्या, म्हणजे वाल्मीकच्या, गळ्यात मारलं. कंपनीत त्या कामाला कुणी काम समजत नव्हतं. ज्यांना चांगलं कोड येतं ते कंपायलर लिहितात, म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राला समजेल असं करणारा मुख्य प्रोग्राम. आणि उरलेले डॉक्युमेंटेशन करतात, अशी तिथली वर्णव्यवस्था. वाल्मीकला पहिल्या दिवसापासून कंपायलरच्या टीममध्ये जायचं होतं. त्याचा मॅनेजर ऋषिकेश, कोथरूडचा, मऊ आवाजाचा माणूस, दर वेळी म्हणायचा, "ही रिलीज होऊ दे, मग बघू." ज्या मऊपणानं तो हे म्हणायचा, त्यासाठीच त्याच्या दोन मुस्काटात द्याव्यात असं वाल्मीकला वाटे.

त्यात घरी मुली दाखवायचं सुरू झालेलं. मुठा खोऱ्यातल्या एका बैठकीत मुलीच्या बापानं विचारलं, "कंपनीत काम काय करता?" वाल्मीकनं जमेल तेवढं समजावून सांगितलं. सासरेबुवा होऊ घातलेले गृहस्थ सुपारी चघळत म्हणाले, "म्हंजी टायपिंग." वाल्मीक उठला आणि पोह्यांना हात न लावता निघून आला. त्यानंतर कंपायलरची टीम ही त्याच्यासाठी बढती राहिली नाही. तिथं गेलो तर माणूस, नाहीतर टायपिंगवाला, असं त्याच्या डोक्यात घट्ट बसलं.

तरी त्यानं काम चोख केलं, हे मान्य करावं लागेल. त्यानं टूलमध्ये अशी सोय केली की टिपेत 'एक्सपोर्ट' अशी एक ओळ टाकायची. ती ओळ वाचून टूल पान बनवतं, आणि लायब्ररीतली कुठली फंक्शन्स उघडी ठेवायची तेही त्याच ओळीवरून ठरतं. म्हणजे पानावर आहे ते लायब्ररीत उघडं असणारच, आणि पानावर नाही ते बंद. टीप लिहिणाऱ्याच्या हातात दाराची कडी दिली म्हणा ना. ऋषिकेशनं त्याला वर एक नियम जोडला: एकदा पानावर गेलेलं फंक्शन काढायचं नाही. गिऱ्हाइकाला तो शब्द दिला. सेल्सवाल्यांना हा नियम इतका आवडला, की त्यांनी तो जाहिरातीत घातला.

२००६ साली ज्ञानदा पाटोदेकर आली. नांदेडची, मराठी शाळेतली, हुशार आणि जिभेला हाड नसलेली. आल्या आल्या ऋषिकेशनं तिला यंत्रांची गती सांभाळणारी नवी लायब्ररी लिहायला दिली. वाल्मीक दोन वर्षं डॉक्युमेंटेशनमधून सुटायला बघत होता, हिला आठ दिवसांत खरं कोड लिहायचं काम मिळालं. एवढ्यावर भागलं असतं तर वाल्मीकनं तिला नुसतं पाण्यात पाहिलं असतं. पण तिनं त्याची पानं वाचली. वाचली ती वाचली, इंग्रजीच्या चुका लाल रंगात दाखवून सगळ्या टीमला मेल केली, आणि खाली लिहिलं, हे गिऱ्हाइकाला जाण्याआधी कुणीतरी शुद्ध करून घ्यावं. टीममध्ये तीन दिवस त्याच्या वाक्यांवर हसणं चाललं होतं. कॅन्टीनमध्ये एकानं त्याचं एक वाक्य नाटकातल्यासारखं म्हणून दाखवलं. ज्ञानदा हसली नाही. तिला त्यात हसण्यासारखंही काही वाटलं नव्हतं. चूक होती, दाखवली. हे वाल्मीकला जास्त झोंबलं.

शिवाय ती राहायला होती माणला, त्याच्या सख्ख्या आत्याकडं. गंगूबाईंनी जमीन विकून आलेल्या पैशात तीनमजली खोल्या काढल्या होत्या. वाल्मीक कामावरून जाताना आत्याकडं वाकडी वाट करून चहा प्यायचा, ते त्यानं बंद केलं. आत्यानं एकदा रस्त्यात गाठून विचारलं, "का रं, वाट इसरला व्हय?"

"तुमच्या हितं नांदेडची महाराणी ऱ्हाती ना, तिला पाज चहा."

"पोरगी लई कामाची हाय. तुज्यावानी फुगून बसत न्हाई."

वाल्मीकनं मोटरसायकलला किक मारली.

२००७च्या उन्हाळ्यात ऋषिकेशनं दोघांना केबिनमध्ये बोलावलं. कंपायलरच्या टीममध्ये एक जागा होणार होती. "तुमच्यापैकी एक जण जाईल," तो मऊ आवाजात म्हणाला. "ज्याच्या मागं इथलं काम उरलेलं नसेल, तो. मला इथं भोक पाडून कुणाला सोडता येणार नाही." वाल्मीकनं ज्ञानदाकडं पाहिलं. ज्ञानदा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होती.

तिचं काम संपत आलं होतं. लायब्ररीतली सात-आठ फंक्शन्स तेवढी कच्ची होती. घाईत केलेली, आतल्या आत वापरायची, पुढच्या रिलीजला मोडून नव्यानं लिहायची. त्यांच्यावर तिनं टीप लिहिलीच नव्हती. घरातल्याला कशाला पाटी, असा तिचा हिशेब. 'ही घरातली आहेत' एवढंसुद्धा तिनं कुठं लिहून ठेवलं नाही. ती बहिणीच्या लग्नाला नांदेडला गेली आणि त्याच आठवड्यात रिलीज होती.

दुपारी सगळे जेवायला गेले असताना वाल्मीक बसून राहिला. त्यानं तिची फाइल उघडली आणि त्या कच्च्या फंक्शनांच्या डोक्यावर एकेक टीप लिहायला घेतली. प्रत्येक टिपेत 'एक्सपोर्ट'ची ओळ. आयुष्यात लिहिलं नव्हतं इतकं सुरेख इंग्रजी त्यानं त्या दुपारी लिहिलं. शब्दकोश उघडा ठेवून, एकेक क्रियापद तपासून. हे फंक्शन दोन प्रोग्रामांनी एकाच वेळी बोलावलं तरी चालतं. हे चुकीचा आकडा दिला तरी यंत्र थांबू देत नाही. हे नेहमी ठरल्या वेळेत उत्तर देतं. यातलं खरं किती, हे त्यानं पाहिलं नाही. त्याला काय पडलं होतं? निस्तरायचं तिला होतं. एकदा पानावर गेलं की ती फंक्शन्स तिला मोडता येणार नव्हती. जन्मभर सांभाळत बसायचं, आणि मागं एवढं काम उरलेल्या बाईला ऋषिकेश सोडणार नव्हता.

पानं तयार झाली, रिलीजबरोबर गिऱ्हाइकांना गेली. त्या दिवशी वाल्मीक घोटवड्याच्या फाट्यावर थांबून दोन वडापाव खाऊन घरी गेला. खाल्लेलं अंगी लागल्यासारखं वाटलं.

ज्ञानदा परतली तोवर एका बाटल्यांच्या कारखान्यानं त्यातली तीन फंक्शन्स वापरायला सुरुवातही केली होती. ती सरळ त्याच्या टेबलापाशी आली. हातावरची मेंदी अजून लाल होती.

"हे काय करून ठेवलंयस तू?"

"डॉक्युमेंटेशन."

"ती आतली फंक्शन्स होती."

"कुठं लिहिलं होतंस? मला काय स्वप्न पडणार?"

"तुला माहीत होतं." तिचा आवाज चढला तसं नांदेड बाहेर आलं. "कशाला खोटं बोलायलास? तुला पक्कं माहीत होतं."

"काढून टाक मग," वाल्मीक म्हणाला, आणि हसला. "अगं हो, काढता येत नाही, नाही का."

ती वळली आणि ऋषिकेशच्या केबिनमध्ये गेली. कुणी काय केलं याची नोंद कंपनीत आपोआप राहते, त्यामुळं नाकारण्यासारखं काही नव्हतंच. वाल्मीकला आत बोलावलं तेव्हा तो भांडायच्याच तयारीनं गेला. ज्ञानदानं टीप लिहिली नव्हती, हा तिचा हलगर्जीपणा आहे, हे वाक्य त्यानं जिन्यातच जुळवून ठेवलं होतं.

पण ऋषिकेश चिडलेला नव्हता. त्याच्या समोर बाटल्यांच्या कारखान्याची मेल उघडी होती. "वाल्मीक, हे लोक म्हणतायत, आख्ख्या प्रॉडक्टमध्ये या पानांइतकं स्वच्छ काही लिहिलेलं नाही. दुसऱ्या दोन प्लांटांसाठीही तेच घ्यायचंय त्यांना." त्यानं कौतुकानं मान हलवली. "कसं झालं, का झालं, त्यात मी जात नाही. ती फंक्शन्स आता बाहेर आहेत. प्रश्न एवढाच, की सांभाळणार कोण."

"ज्यानं लिहिली तो," वाल्मीक म्हणाला.

"बरोबर," ज्ञानदा म्हणाली. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. "मी काय लिहिलं होतं ते सांगते. दोन प्रोग्रामांनी एकदम बोलावलं तर हे कोसळतं. चुकीचा आकडा दिला तर यंत्र थांबतं. मी लिहिलेलं हे असं आहे, म्हणूनच ते कुणाला दाखवायचं नव्हतं. पानावर जे लिहिलंय ते मी लिहिलेलं नाही. ते कसं करायचं मला माहीत नाही. ज्यानं लिहिलं त्याला माहीत असणार."

जिन्यात जुळवलेलं वाक्य वाल्मीकच्या काही कामाचं राहिलं नाही.

"म्हणजे तू न तपासता..." ऋषिकेशनं वाक्य अर्धंच सोडलं. मऊ माणसं फार वाईट असतात. ती ओरडत नाहीत आणि विसरतही नाहीत. "ठीक आहे. गिऱ्हाइकाला आपण खोटं लिहिलं असं कळवणार नाही. पान बदलायचं नाही. कोड पानासारखं करायचं. वाल्मीक, हे तुझ्याकडं."

महिन्याभरात ज्ञानदा कंपायलरच्या टीममध्ये गेली. तिच्या मागं काही काम उरलेलं नव्हतं.

वाल्मीकनं राजीनामा दिला असता. खिशात लिहून घेऊन चार दिवस हिंडलाही. पण २००८ साली बाजार असा बसला, की ज्या कंपन्या रस्त्यातून उचलून माणसं नेत होत्या त्या दारातूनच परत पाठवू लागल्या. बापानं एकच विचारलं, "नोकरी सोडून भात लावनार हायेस का?" वाल्मीक खालमानेनं कामावर जात राहिला आणि त्या फंक्शनांच्या आत शिरला.

आत गेल्यावर कळलं, की ज्ञानदानं सांगितलं होतं त्याहून ते वाईट आहे. एक नीट करावं तर दुसरं बिघडे. बाटल्यांच्या कारखान्यातून तक्रार आली की तीत त्याचंच वाक्य अवतरणात असायचं. तुमच्या पानावर असं असं लिहिलं आहे, प्रत्यक्षात तसं होत नाही. पण कारखान्यापेक्षा दुसऱ्या तक्रारी त्याला जास्त लागायच्या. कंपायलरची टीमही तीच लायब्ररी वापरत होती, आणि तिथली ज्ञानदा बारकाईनं वाचणारी बाई होती. तिची तक्रार दोन ओळींची असे. पहिल्या ओळीत वाल्मीकचं वाक्य, दुसरीत 'हे खरं नाही'. नमस्कार नाही, नाव नाही. आणि दरवेळी तिचं बरोबर असे. तो 'दुरुस्त करतो' एवढंच लिहून पाठवायचा आणि की-बोर्डवर मूठ आपटायचा.

मुली दाखवणं चालूच होतं. एका ठिकाणी त्यानं सांगितलं, मी लायब्ररी सांभाळतो. पुस्तकांची की कसली, हे पुढं कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. त्या घरातून नकार आला तो कशामुळं हे त्याला शेवटपर्यंत कळलं नाही; त्यानं मात्र तोही ज्ञानदाच्याच नावावर टाकला.

२००९च्या दिवाळीनंतर कंपायलरच्या टीममध्ये पुन्हा एक जागा झाली. टीम आता ज्ञानदाच्या हाताखाली होती. वाल्मीकनं अर्ज केला. आठवडा गेला, उत्तर नाही. ऋषिकेशला विचारलं तर तो म्हणाला, "माझी काहीच हरकत नव्हती रे. ज्ञानदाच म्हणाली, फालेला तिथून हलवू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं माणला आत्याच्या दारात गाडी लावली आणि जिना चढला. ज्ञानदा कॅबची वाट बघत खोलीच्या दारात उभी होती, खांद्याला पिशवी, हातात चपाती-भाजीचा डबा.

"माझा अर्ज का अडवलास?"

"तू गेलास तर ती फंक्शन्स कोण बघणार?"

"ती तुझी आहेत!" वाल्मीक ओरडला. "तू केलीस ती घाण. तू."

"माझी होती तेव्हा ती कुणाला माहीत नव्हती. पुढच्याच रिलीजला मी ती फेकणार होते, फाले. तिथंच संपलं असतं." ती शांतपणे डब्याचं झाकण दाबत होती. "मी तुझ्या इंग्रजीच्या चुका काढल्या, म्हणून तू हे केलंस ना? त्या पानांत एकही चूक नाही. मी शोधली."

"सूड घेतीयास."

"नाही. दुसऱ्या कुणी दोन वर्षं त्यात घातलेली नाहीत. तुझ्याइतकं त्यातलं कुणाला कळत नाही, मलाही नाही. ऋषिकेशला मी एवढंच सांगितलं, आणि ते खरं आहे." मग म्हणाली, "सांगताना बरं वाटलं, हेही खरं आहे."

"मी ती पानंच काढून टाकतो. आजच."

"काढ. आणि गिऱ्हाइकाला कळव, की आपण खोटं लिहिलं होतं. खाली तुझं नाव घाल."

वाल्मीकच्या तोंडून एक शिवी गेली, कोळवणच्या बांधावर देतात तसली. खालून गंगूबाई धापा टाकत जिना चढून आल्या. वाल्मीकला वाटलं, आता रक्ताचं माणूस बोलेल.

"वाल्म्या, बायामाणसाच्या दारात हुबा ऱ्हाऊन वरडतोस? लाज वाटती का? ही खोली तिची हाय. उतर खाली."

"आत्या, तुला काय म्हाईत हिनं काय केलंय..."

"मला काय बी जानून घ्यायचं न्हाई. उतर म्हनलं ना."

खाली कॅबनं हॉर्न दिला. ज्ञानदा त्याच्या बाजूनं, अंग चोरून, त्याचा धक्कासुद्धा लागणार नाही अशी जिना उतरून गेली. वाल्मीक तसाच उभा राहिला. आत्या हटली नाही, म्हणून शेवटी तोही उतरला.

कॅबच्या मागं मागं, तिच्या धुरात, त्याला हिंजवडीपर्यंत जावं लागलं. रस्ता तेवढा एकच होता. जागेवर बसल्यावर त्यानं सगळ्यांत आधी ती पानं उघडली. पुसून टाकायला हात शिवशिवत होते आणि पुसायला फार वेळ लागलाही नसता. तो वाचत गेला. हे फंक्शन नेहमी ठरल्या वेळेत उत्तर देतं. किती ऐटीत लिहिलं होतं. असं एखादं फंक्शन खरंच असतं तर त्याला स्वतःलाच ते वापरायला आवडलं असतं, आणि या विचारानं तो स्वतःवर इतका चिडला की उठून पाणी पिऊन आला.

मग त्यानं पान बंद केलं, कोड उघडलं आणि कामाला लागला. संध्याकाळपर्यंत ते एक वाक्य खरं झालं. त्याच्या खाली अजून बरीच होती.